नववीतली मुलगी एक दिवस ऑफिसात येणार असेल, तर तिला काय दाखवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : लातूरला तुमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. जवळच्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, की नववीतल्या एका मुलीला प्रोग्रामिंगचं काम प्रत्यक्ष बघायचंय, एक दिवस पाठवू का? तुम्ही हो म्हणालात. आता दिवसभर तिला काय द्यायचं, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा कुठपर्यंत शिकवायची आणि आपल्या कामाचा किती खोळंबा होईल, हे तुम्हाला कळत नाहीये.

मी संभाजीनगरात बरीच वर्षं दूध संकलन केंद्रं आणि पतसंस्थांची सॉफ्टवेअरं करतो. आमच्याकडे अशी लेकरं येत असतात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, पायथन शिकवायचा बेत सोडून द्या. एका दिवसात भाषा शिकवायला बसलं की व्हेरिएबल, लूप, लिस्ट, फंक्शन असं एकेक उरकत जातं. लेकरू मान डोलावतं आणि संध्याकाळी एसटीत बसेपर्यंत त्यातलं काही उरत नाही. भाषा शिकवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत, मराठीतही आहेत. तिला घरी मिळणार नाही ते तुमच्या ऑफिसात आहे : काम करणारी माणसं, कामात अडलेली माणसं, आणि ज्या चुकीनं कुणाचे तरी खरे पैसे कमी-जास्त होतात अशी एखादी खरी चूक. ती चूक तिनं स्वतः शोधावी आणि स्वतः दुरुस्त करावी. दिवसाचा सगळा आराखडा एवढ्याभोवती बांधा.

त्याआधी शाळेशी बोलून घ्या. मुख्याध्यापकांकडून पत्र घ्या आणि आईवडिलांची लेखी संमती घ्या. नुसत्या फोनवर भागवू नका. मुलगी येणार असेल तर दिवसभर तिच्याजवळ ऑफिसातली एखादी ताई असावी, आणि कुठल्याही एका मोठ्या माणसासोबत ती बंद खोलीत एकटी नसावी. हा नियम ऑफिसात सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगा. तुमच्या माणसांवर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. लेकरू अनोळखी जागी येतंय आणि त्याचे आईबाप तिकडे गावात आहेत, एवढं कारण पुरेसं आहे. तिचा फोटो कंपनीच्या पानावर टाकायचा असेल तर आईवडिलांना वेगळं विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना लहान मूलच धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. माझं मत विचाराल तर फोटो टाकूच नका.

तिला खरं काम देऊ नका. डेटा एंट्री तुंबलीय, बसली आहे तर चार पानं भरून देईल, असा विचार मनात येऊ देऊ नका. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला कायद्यानंच बंदी आहे, आणि नववीतलं लेकरू त्या रेषेच्या अगदी जवळ असतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ती बघायला आलीय, राबायला नाही.

शाळेला ही कल्पना नवी नसेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागीर आणि व्यावसायिकांकडे काम बघायला पाठवायची शिफारस आहे, आणि एनसीईआरटीनं २०२४ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. नववी त्या चौकटीत बसत नसली तरी शिक्षकांशी बोलायला हा धागा उपयोगी पडतो.

शिक्षकांना आणखी दोन गोष्टी विचारा. मुलीनं कीबोर्ड कितपत वापरलाय? आणि सोबत तिची एखादी मैत्रीण येऊ शकेल का? दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकटं लेकरू बुजतं. ‘कळलं का?’ म्हटलं की ‘हो सर’ म्हणतं, आणि हा ‘हो’ आपल्याला बरं वाटावं म्हणून असतो. दोघी असल्या की त्या आपसात बोलतात. ‘अगं, हे काय म्हणायलंय बघ की,’ असं एक दुसरीला म्हणते तेव्हा तिला काय कळलं नाही ते तुम्हाला आपोआप कळतं. एका कीबोर्डवर दोघी, पाळीपाळीनं, हे एकीपेक्षा सोपं जातं.

कीबोर्डचं म्हणाल तर, ज्या लेकरांचा सगळा वावर मोबाइलवर आहे त्यांना कंस, अवतरणचिन्ह, कोलन शोधायलाच वेळ लागतो. शिफ्ट दाबून ठेवून दुसरी कळ दाबायची, हेही सांगावं लागतं. अर्धी सकाळ त्यात जाऊ शकते. तिथं घाई करू नका. लागणारी सात-आठ चिन्हं कुठं आहेत ते दाखवणारा एक कागद आधीच छापून टेबलावर ठेवा. एमएस-सीआयटी झालेली मुलगी असेल तर हा टप्पा सुटतो, पण नववीत ते सहसा झालेलं नसतं.

एसटीचंही बघा. मुलींचा मोफत पास गाव ते शाळा एवढ्याच मार्गाचा असतो. तुमच्या ऑफिसापर्यंतचं भाडं कुणी द्यायचं हे आधी ठरवा आणि शक्यतो तुम्हीच द्या. पन्नास-साठ रुपयांसाठी बेत रद्द होतो आणि घरचे कारण दुसरंच सांगतात. परतीची गाडी कितीला आहे ते विचारून दिवस त्याप्रमाणे आखा.

मशीनचं सांगतो. डेस्कटॉप नको, लॅपटॉप द्या, मग वीज गेली तरी काम थांबत नाही. त्यावर वेगळं युजर खातं करा, ग्राहकांचा डेटा त्यात अजिबात नको. थॉनी नावाचा मोफत एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, आदल्या दिवशीच टाकून ठेवा. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तो खास नवशिक्यांसाठी तयार झालाय. पायथन त्याच्यासोबतच येतं, इंटरनेट लागत नाही, आणि व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव देऊन आकडा किंवा मजकूर ठेवलेल्या जागेत, आत्ता कोणती किंमत आहे ते बाजूच्या चौकटीत दिसतं. प्रोग्राम एकेक पायरी चालवून बघता येतो. व्यावसायिक लोक वापरतात ते भलेमोठे एडिटर तिला दाखवा जरूर, पण त्यात बसवू नका. आणि कुठल्याही साइटवर तिचं खातं उघडायची गरज पडणार नाही असाच दिवस आखा.

आता मुख्य भाग. सकाळी अर्धा-पाऊण तास तिला काम करणाऱ्या माणसाशेजारी बसू द्या. त्या माणसाला आधी सांगून ठेवा, की नेहमीचंच काम कर, फक्त मनात चाललंय ते मोठ्यानं बोल. ‘इथं रक्कम शून्य का येतेय? आधी बघतो डेटा बरोबर आलाय का...’ असं. दहा वर्षं काम केलेला माणूससुद्धा अडतो, शोधतो, चुकीच्या जागी बघतो, परत फिरतो, हे तिनं पाहिलं पाहिजे. आपल्याकडची मुलं अशा वातावरणात वाढतात, की उत्तर माहीत असेल तो हुशार आणि अडेल तो ढ. त्यात लातूर तर क्लासेसचं गाव. ही समजूत भाषणानं जात नाही, पण शेजारी बसून बघितलं की सैल होते.

मग तिचा स्वतःचा प्रोग्राम. विषय तिच्या घरातला निवडा. गेम करू, अॅप करू असं म्हणू नका, ते एका दिवसात होत नाही आणि अर्धवट राहिलं की हिरमोड होतो. आमच्याकडे आम्ही दुधाची पावती घेतो. घरी जनावर असलेल्या लेकराला ती पावती पाठ असते : लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम. ती छापणारा प्रोग्राम कुणीतरी बसून लिहिलाय, ही गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात कधी आलेली नसते. तुमच्याकडे सोयाबीनची काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, घेतली तरी चालेल. किलोचे क्विंटल करायचे, भावानं गुणायचं. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, म्हणजे ७३५ किलोचे ३९,१६० रुपये ८० पैसे झाले पाहिजेत. हे आधी वहीत करायला लावा, म्हणजे मशीनचं उत्तर तपासायला तिच्याकडे स्वतःचं उत्तर असेल.

मी दुधाचंच पुढं सांगतो, कारण त्यात दोन सुंदर चुका दडलेल्या आहेत.

पहिली अशी. सकाळचं दूध किती, संध्याकाळचं किती, हे प्रोग्रामनं विचारायचं आणि बेरीज दाखवायची. ती लिहिते, चालवते, सकाळी १२ आणि संध्याकाळी ८ भरते, आणि उत्तर येतं १२८ लिटर. इथं काही बोलू नका. दोघी हसतील, मग विचारात पडतील. इनपुट या आज्ञेनं घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथनला मजकूर वाटते आणि मजकुरांची बेरीज म्हणजे एकापुढं एक चिकटवणं, हे त्यांना बहुतेक वेळा आपणहून सुचतं. नाही सुचलं तर विचारा, ‘१२ आणि ८ चे १२८ कसे झाले असतील?’ आकडा म्हणून घे, असं सांगायला फ्लोट लिहायचं, हे सांगणं मग दोन मिनिटांचं काम.

दुसरी चूक जास्त खोल आहे आणि ती मी कधीच वगळत नाही. गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर धरतात. सोपं व्हावं म्हणून फक्त फॅट घ्या. ३.५ ला ३० रुपये, आणि वरच्या प्रत्येक पॉइंटला ३० पैसे जास्त, असं समजा. पॉइंट म्हणजे ०.१. फॅट ३.८ लागलं तर किती पॉइंट जास्त? तोंडी कुणीही सांगेल, तीन. आता प्रोग्राममध्ये ३.८ मधून ३.५ वजा करा, ०.१ नं भागा आणि इंट वापरून पूर्णांक घ्या. उत्तर येतं दोन.

हे तिला स्वतः करून बघू द्या. मग वजाबाकी एकटीच छापायला सांगा. पडद्यावर ०.३ येत नाही, ०.२९९९९९९९९९९९९९९८ येतं. इंट पुढचा अपूर्णांक कापून टाकतो, म्हणून तिनाचे दोन झाले. नववीच्या ‘वास्तव संख्या’ प्रकरणात तिनं आवर्ती दशांश शिकलेले असतात. एक भागिले तीन दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसंच ३.८ ही संख्या दोनाच्या घातांवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला पूर्ण लिहिता येत नाही, ती किंचित कमी साठवली जाते. पुस्तकातलं प्रकरण आणि बापाची पावती एका ओळीत येतात ते इथं.

त्यानंतर हिशोब वहीत करायला लावा. दिवसाला २० लिटर दूध. बरोबर दर ३० रुपये ९० पैसे, रक्कम ६१८. चुकीचा दर ३० रुपये ६० पैसे, रक्कम ६१२. दिवसाला सहा रुपये, दहा दिवसांच्या बिलाला साठ. एका शेतकऱ्याचे. ‘म्हणजे आमचे पैसे कमी यायलेत?’ असा प्रश्न आला की समजा, प्रोग्रामिंग म्हणजे काय ते तिला कळलं. आणि तिला हेही सांगा, की यात कुणी लबाडी केलेली नाही. कुणीतरी न तपासता एक ओळ लिहिली, एवढंच.

दुरुस्ती तिच्याकडूनच काढून घ्या. फॅट दहानं गुणून राउंड करायचं, म्हणजे जवळचा पूर्णांक घ्यायचा, म्हणजे ३८ वजा ३५, उत्तर नेमकं ३. रुपयांऐवजी पैसे धरायचे, ३०९०, आणि रुपये फक्त छापताना करायचे. आम्ही पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरमध्येही रक्कम पूर्णांकातच ठेवतो. नववीतल्या मुलीनं दुपारपर्यंत जे केलं ते आमच्या रोजच्या कामातलंच आहे, आणि तिला तसं सांगायला संकोच करू नका.

हे सगळं चालू असताना जो शेजारी बसेल त्याला एकच सक्त सूचना : कीबोर्डला हात लावायचा नाही. तिची चूक दिसते, आपली बोटं शिवशिवतात, ‘थांब, मी करतो’ म्हणून आपण दोन सेकंदांत सुधारतो, आणि तिथून पुढं ती प्रेक्षक होते. लाल अक्षरांत एरर आली की तिला शेवटची ओळ वाचायला लावा. चूक कोणत्या प्रकारची आहे ते पायथन शेवटच्या ओळीत सांगतं आणि ओळीचा क्रमांक त्याच्या वर देतं. इंग्रजी अडलं तर अर्थ सांगा, उत्तर सांगू नका. आणि ‘कळलं का?’ हा प्रश्न दिवसभरासाठी बाद करा. त्याऐवजी प्रत्येक वेळी चालवण्याआधी विचारा, ‘आता काय छापेल?’ अंदाज चुकला की शिकणं सुरू होतं.

व्हेरिएबलची नावं मराठी ठेवू द्या. पायथनमध्ये देवनागरी नावं चालतात. लिटर, दर, रक्कम अशी नावं थेट लिहिता येतात, आणि चालू प्रोग्रामनं विचारलं तेव्हा देवनागरी आकडे भरले तरी ते समजतात. कोडमध्ये आकडे मात्र इंग्रजीच लिहावे लागतात. सतत कीबोर्डची भाषा बदलणं नवशिक्याला जाचक होतं, म्हणून मी एकदा देवनागरीत करून दाखवतो आणि पुढं रोमन अक्षरांत मराठी नावं लिहू देतो. दिवसाच्या शेवटी वेळ उरला तर ‘लातूर’ या शब्दाची लांबी पायथनला विचारायला सांगा. डोळ्यांना अक्षरं तीन दिसतात, उत्तर पाच येतं, कारण काना आणि ऊकार वेगळे मोजले जातात. मराठी मजकूर सॉफ्टवेअरमध्ये का तुटतो याची सुरुवात तिथून आहे.

जेवण सगळ्यांसोबत. डबा आणला असेल तर सगळ्यांच्या डब्यांत ठेवा.

दुपारी कोड नको, डोकं थकलेलं असतं. तुमच्या सॉफ्टवेअरची चाचणीसाठीची प्रत उघडून द्या आणि सांगा, हे मोडून दाखव. उणे लिटर भर, फॅट ३५ भर, नाव रिकामं सोड, तारीख पुढच्या वर्षीची टाक. लेकरं यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. सापडलेल्या चुका तिनं वहीत लिहायच्या : काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्यातली एखादी तुमच्या यादीत खरोखर नोंदवा आणि तिच्यासमोर नोंदवा. मग ग्राहकांचे फोन घेणाऱ्या ताईशी, टेस्टिंग करणाऱ्याशी, हिशोब बघणाऱ्याशी दहा-दहा मिनिटं गप्पा होऊ द्या. सॉफ्टवेअरच्या ऑफिसात सगळेच कोड लिहीत नाहीत, हे गावाकडं फारसं माहीत नसतं.

एक प्रश्न हमखास येईल : ‘सर, हे तर चॅटजीपीटी करतंय ना?’ उडवून लावू नका. तुमच्या मशीनवर, तुमच्या खात्यावरून तिच्यासमोर विचारा आणि आलेला कोड तिलाच तपासायला द्या. ३.८ फॅट भरून बघ, ३.२ भरून बघ, रिकामं सोडून बघ. उत्तर बरोबर येवो वा चूक, बरोबर आहे की नाही हे ठरवायला काय विचारायचं ते तिला सकाळच्या कामातून ठाऊक झालेलं असतं.

पुढच्या शिक्षणाबद्दल आईवडील विचारतील. सरळ सांगा. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा एक रस्ता. बारावी सायन्स आणि सीईटी हा दुसरा. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए हा तिसरा. आयटीआयमध्ये कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा ट्रेडही आहे. लातूरला शासकीय पॉलिटेक्निक आहे, नांदेडला विष्णुपुरीचं श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थान आहे, सगळं पुण्यापासूनच सुरू होतं असं नाही. पगाराचे आकडे सांगून स्वप्नं दाखवू नका.

घरी कॉम्प्युटर नसेल तर? पायड्रॉइड नावाच्या अॅपवर अँड्रॉइड फोनमध्ये इंटरनेटशिवाय पायथन चालतं. टायपिंग कंटाळवाणं आहे, पण दहा ओळींचा प्रोग्राम होतो. तिचा प्रोग्राम छापून, वर तिचं नाव घालून द्या. शाळेला लेटरहेडवर दोन-चार ओळींचं पत्र द्या, त्यात तिनं प्रत्यक्ष काय केलं ते लिहा. ‘सहभागाबद्दल अभिनंदन’ छापाचं प्रमाणपत्र शिक्षकांच्या काही कामाचं नसतं. ‘पूर्णांकात न ठेवल्यानं होणारी दराची चूक शोधून दुरुस्त केली’ हे वाक्य असतं.

राहिला तुमचा खोळंबा. एका माणसाचा अर्धा दिवस जातो असं धरा आणि तो दोघांत वाटा. दिवस नीट निवडला तर कुणाला जाणवतही नाही. मार्चअखेर नको. तुमचे ग्राहक व्यापारी असतील तर जीएसटी विवरणाच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास नको. आमच्याकडे दुधाची बिलं निघतात त्या १, ११ आणि २१ ला आम्ही कुणाला बोलवत नाही. नवी आवृत्ती ग्राहकांकडे जाणार असेल त्या आठवड्यातही नको.

मुख्याध्यापक पुढच्या वेळी म्हणतील, आता दहा मुलं पाठवतो. तेव्हा नम्रपणे नाही म्हणा. दहा जण आले की ती सहल होते, कीबोर्ड एकाच्याच हाती राहतो आणि बाकीचे भिंतीवरची पोस्टरं बघतात. त्यापेक्षा तुमच्यातली एखादी ताई एक लॅपटॉप घेऊन शाळेत जाऊ दे, आणि पावतीची चूक वर्गापुढं मांडू दे. फळ्यावर आधी हिशोब, मग मशीनवर. त्यातून ज्या दोघांना रात्री झोप लागणार नाही, त्यांना ऑफिसात बोलवा.